तांब्याचा तांब्या, तिळाचे तेल

भांड्यांच्या दुकानात तांब्या मागितला की दुकानदार विचारतो, कशाचा देऊ? स्टीलचा, पितळेचा की तांब्याचा? या प्रश्नात काही वावगे आहे असे कुणालाच वाटत नाही. वास्तविक भांड्याचे नाव धातूवरूनच पडले. तांब्याचे ते तांब्या. पुढे गोल पोट, आवळलेला गळा आणि बाहेर वळलेला काठ हीच त्याची ओळख ठरली आणि धातू मागे पडला. पितळेचा तांब्या आला, मग स्टीलचा आला, आणि आता अस्सल धातूचा हवा असेल तर ‘तांब्याचा तांब्या’ असे म्हणावे लागते. एरवी ही द्विरुक्ती ठरली असती. आज तिच्यावाचून खरेदी होत नाही.

शब्द आपल्या मुळापासून सुटला की नाही हे ओळखायची सोपी कसोटी इथेच मिळते. शाळेत द्विरुक्तीचे दोष शिकवताना दोन उदाहरणे हमखास येतात: ‘पिवळा पितांबर’ आणि ‘गाईचे गोमूत्र’. दोन्ही एकाच मापाने मोजली जातात, आणि ते मला पटत नाही. पीत म्हणजे पिवळे आणि अंबर म्हणजे वस्त्र हे खरे. पण मराठी घरात पितांबर म्हणजे पूजेला, सोवळ्याला नेसायचे रेशमी वस्त्र. ते लालही असते. ‘लाल पितांबर’ हा मूळ अर्थाने वदतोव्याघात आहे, आणि तो चालतो म्हणूनच ‘पिवळा पितांबर’ हा शब्दप्रयोग काहीतरी नवी माहिती देतो. ‘म्हशीचे गोमूत्र’ असे मात्र कुणी म्हणत नाही, त्यामुळे ‘गाईचे गोमूत्र’ अजून निव्वळ द्विरुक्ती आहे. शब्दाच्या मुळाशी भांडणारे विशेषण चालू लागले की मुळाशी जुळणारे विशेषणही कामाचे होते. एखाद्या शब्दाबद्दल शंका आली, तर आधी त्याला विरोधी विशेषण लावून पाहावे.

हीच गोष्ट आपल्या वैयाकरणांनी फार पूर्वी हेरली होती. तैल हा शब्द तिलापासून झाला. तिळाचा स्नेह, म्हणजे स्निग्ध द्रव, ते तैल. मग मोहरीच्या, एरंडाच्या किंवा हिंगणबेटाच्या स्निग्ध द्रवाला काय म्हणायचे? पाणिनीच्या व्याकरणातील पाचव्या अध्यायातल्या एका सूत्रावर वार्तिके, म्हणजे पूरक नियम, आहेत. त्यांत ‘तैलच्’ हा स्नेहाच्या अर्थाचा प्रत्ययच मानला आहे, आणि त्यावर उदाहरणे येतात ती एरंडतैल, इंगुदतैल आणि चक्क तिलतैल. तिथेच ‘गोष्ठ’ही येतो. गोष्ठ म्हणजे गाईंची जागा. पण प्रत्यय म्हणून तो कुठल्याही जनावराला लागतो, आणि महिषीगोष्ठाशेजारी गोगोष्ठ हेही रूप दिलेले आहे. जोडी दाखवायला ‘गोयुग’ घेतला आहे. त्याचे उदाहरण उष्ट्रगोयुग, म्हणजे अक्षरशः पाहिले तर ‘उंटांची गाय-जोडी’. प्रयोग मुळाला धरून नाही म्हणून त्यांनी तो चूक ठरवला नाही. लोक असे बोलतात, तर मग नियमातच जागा करू, ही त्यांची भूमिका होती. आपण ‘म्हशींचा गोठा’ म्हणतो तेव्हा त्याच वाटेने जातो, कारण गोठा हा गोष्ठाचाच वंशज. ‘गोष्ट’ही त्याच घरातली. गाईंच्या जागी माणसे जमली, त्या जमण्याला गोष्ठी म्हटले गेले, मग तिथल्या बोलण्याला, आणि शेवटी सांगितल्या जाणाऱ्या कथेला.

मराठीत तेलाची साखळी आणखी पुढे गेली आहे. खोबरेल आणि एरंडेल या शब्दांच्या शेपटात तेल आधीच आहे, तरी डब्यावर ‘खोबरेल तेल’ असे छापतात. रॉकेल हे रॉक ऑइलचे मराठी रूप. कानाला ते एरंडेलाच्याच रांगेतले वाटते, म्हणून सहज रुळले असावे. खायच्या तेलाला आपण गोडे तेल म्हणतो. त्यात गोड काही नाही. गोडा मसाला, गोडे पाणी यांतही गुळाचा खडा नसतो, जरी गोड आणि गूळ दोन्ही ‘गुड’ या एकाच शब्दापासून आले असले तरी. इथे गोडचा अर्थ खारट, कडू किंवा जहाल नसलेले, एवढाच उरला आहे.

वस्तूंच्या नावांत असे नमुने पदोपदी सापडतात. शाई हा फारसी सियाहीचा मराठी अवतार, आणि सियाह म्हणजे काळा. हे नाव पडले तेव्हा काळेपण हा शाईचा एक रंग नव्हता, तो तिचा घटकच होता. दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक आणि पाणी खलून शाई करत. डिंक कमी पडला तर वाळलेली अक्षरे बोटाला लागत, जास्त झाला तर शाई बोरूतून उतरत नसे आणि कागदावर तडकत असे. शाई काळीच असणार, कारण काजळी काळी. पुढे तांबडी आली, निळी आली, आणि ‘काळी शाई’ हा शब्दप्रयोग दुकानात गरजेचा झाला.

रुमालातला ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा. त्याआधी ‘हात’ हा शब्द जोडून आपण हातरुमाल केला, आणि रुमाल डोक्याला बांधला, तोही चालला. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद कापडात बांधलेले आहेत आणि त्या गाठोड्यांनाही रुमालच म्हणतात. खुद्द दप्तर त्याहून लांबून आले आहे. ग्रीकमध्ये कमावलेल्या कातड्याला दिफ्थेरा म्हणत. ते कातडे लिहिण्यासाठी वापरत. फारसीत त्याचे दफ्तर झाले, म्हणजे नोंदवही. मराठीत ते कागदपत्रांचा संग्रह आणि कचेरी झाले, आणि आज पहिलीतल्या मुलाच्या पाठीवर आहे. तिकडे गावाकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. मूळचे जर्मन सिल्व्हर हे तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण; त्यात चांदी नावालाही नाही. ते नाव अर्धे तुटून दुसऱ्याच पांढऱ्या धातूला चिकटले. मग ‘जर्मनची पितळी’ म्हणजे जर्मनीशी आणि पितळेशी सुतराम संबंध नसलेले, काठ असलेले ताट.

या सगळ्यांना सरसकट ऑक्सिमोरॉन म्हणायची पद्धत पडली आहे. ती मला घाईची वाटते. ऑक्सिमोरॉन हा शब्द ग्रीकमधल्या ‘तीक्ष्ण’ आणि ‘बोथट’ अशा दोन शब्दांचा जोड आहे. व्याख्या आणि उदाहरण एकाच शब्दात. त्यात विरोध जाणूनबुजून घडवलेला असतो. बोलके मौन, उघड गुपित, बिनपगारी फुल अधिकारी: यांतले दोन्ही शब्द आपल्या पुऱ्या अर्थाने जिवंत असतात आणि त्यांची टक्कर हाच हेतू असतो. आपल्या अलंकारशास्त्रात याला विरोधाभास म्हणतात. या नावातला ‘आभास’ महत्त्वाचा आहे, कारण विरोध वरवर दिसला पाहिजे आणि विचार करताच विरला पाहिजे; विरला नाही तर तो अलंकार न होता दोष होतो. ‘स्टीलचा तांब्या’ या प्रयोगात टक्करच होत नाही. एक शब्द आपला जुना अर्थ सोडून आला आहे, म्हणून दोघे सुखाने शेजारी बसतात. त्यांचे भांडण पाहायला व्युत्पत्तिकोश उघडावा लागतो.

कोश उघडताना मात्र जपून. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि ‘मीठ’ हा शब्द त्या कशा होतात हे चांगले दाखवतो. मीठ आणि मिठाई एकाच मुळातून आले आहेत असे सांगितले की ऐकणारा पटकन म्हणतो, म्हणजे खारटाला उलटे नाव दिले! पण हा निष्कर्ष काढण्याआधी तीन कामे करायची असतात.

पहिले काम ध्वनींचे. संस्कृत मृष्ट किंवा मिष्ट, प्राकृत मिट्ठ, मराठी मीठ. ष्ट चा ट्ठ झाला, मग जोडाक्षर सुटे झाले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. हा बदल एका शब्दापुरता असता तर संशय घ्यायला जागा होती. पण पिष्टाचे पीठ, मुष्टीची मूठ आणि अष्टाचे आठ याच वाटेने झाले. मिठाई आणि मिठागर यांत ‘मि’ ऱ्हस्व आहे, कारण पुढे अक्षरे आली की ती लांबी टिकत नाही. पीठ आणि पिठले यांतही तेच दिसते. ध्वनींचा हिशेब जुळत नसेल तर अर्थ कितीही मोहक असो, ती व्युत्पत्ती सोडून द्यावी.

दुसरे काम शेजारच्या भाषा पाहण्याचे. हिंदीत मीठा म्हणजे गोड. गुजरातीत मात्र ‘मीठुं’ हा एकच शब्द गोडासाठीही आहे आणि मिठासाठीही. म्हणजे ही मराठीची एकटीची लहर नव्हे. मग मराठीत मिठाचा जुना शब्द कुठे गेला? तो घरातच आहे. लवणाचे लोण झाले, ते लोणच्यात उरले. अलवणाचे अळणी झाले. पदार्थाचे सुटे नाव बदलले तरी जुन्या शब्दाने साधित शब्दांत तग धरला. असे जवळजवळ नेहमीच होते, म्हणून हरवलेला अर्थ शोधताना सामासिक आणि साधित शब्द आधी चाळावेत. ‘मृग’ या शब्दाचा मूळ अर्थ कुठलेही रानटी जनावर. तो आपल्या हरणात दिसत नाही, पण मृगया, मृगेंद्र आणि शाखामृग यांत तो जसाच्या तसा आहे. एरवी सिंहाला मृगेंद्र, म्हणजे हरणांचा राजा, कसे म्हणता आले असते?

तिसरे काम अर्थाचा दुवा शोधण्याचे. मृष्ट म्हणजे मुळात घासून स्वच्छ केलेले, आणि त्यावरून रुचकर, चविष्ट. मला इथेच उत्तर दिसते. ‘चविष्ट’ या एका अर्थातून दोन फांद्या फुटल्या: एक गोडाकडे गेली, दुसरी जेवणाला चव आणणाऱ्या पदार्थाकडे. मीठ आणि मिठाई ही भावंडे आहेत; एक दुसऱ्याचे मूल नाही. भावंडांना बाप-लेक समजले की मधे नसलेला विरोध दिसू लागतो. व्युत्पत्तीच्या नावाखाली सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळ गमती याच गल्लतीतून जन्मतात.

‘अतिथी’चेही असेच आहे. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, ही फोड इतकी सुबक आहे की निमंत्रणपत्रिकेवर महिनाभर आधी छापलेले ‘प्रमुख अतिथी’ पाहून कुणालाही विसंगती टोचावी. पण यास्काचे निरुक्त हा वैदिक शब्दांची फोड सांगणारा प्राचीन ग्रंथ उघडला तर वेगळेच दिसते. घराकडे चालत येतो तो अतिथी, अशी एक फोड त्यात आहे. दुसरी आहे ती, जो तिथींना दुसऱ्यांच्या घरी येतो तो. म्हणजे अगदी उलट! मनुस्मृती म्हणते, त्याचे राहणे अनित्य, म्हणून तो अतिथी. आधुनिक भाषाशास्त्र ‘अत्’ म्हणजे फिरणे या धातूकडे झुकते, आणि यास्काची पहिली फोड त्याच्याशी जुळते. तेव्हा तारीख घेऊन येणाऱ्या अतिथींना शब्दाचा द्रोह केल्याचा ठपका देता येत नाही. शब्दाची फोड जितकी सुबक, तितका तिच्यावर संशय जास्त घ्यावा.

संख्या पोटात घेऊन फिरणारे शब्द फार मजेने घसरतात. पाचांमुखी परमेश्वर, म्हणून पंच. आज झडती आणि जप्तीच्या वेळी कायदा परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित व्यक्ती साक्षीला मागतो. दोघे आले की पंचनामा पुरा होतो. क्रिकेटच्या मैदानावर एकटा माणूसही पंच असतो. आणि १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे महाराष्ट्रातल्या पंचायतीची सदस्यसंख्या किमान ७ आणि कमाल १७. म्हणजे आपल्या राज्यात पाच जणांची पंचायत कायद्यानेच ठरवली जाऊ शकत नाही. पाचाची संख्या गेली, ‘निवाडा करणारा तटस्थ माणूस’ हा अर्थ राहिला. दुसरीकडे पंचांगात मात्र तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाचही अंगे जागेवर आहेत, कारण तिथे संख्या हीच वस्तूची व्याख्या आहे. कामाचे नाव असेल तर संख्या विसरली जाते. घटकांचे नाव असेल तर टिकते.

मूळ अर्थ आणि चालू अर्थ यांत खरा कोणता, या वादाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने काव्यप्रकाशात ‘कर्मणि कुशल’ (कामात कुशल) हे रूढ लक्षणेचे, म्हणजे रुळलेल्या लाक्षणिक अर्थाचे, उदाहरण दिले. कुशल म्हणजे मुळात कुश नावाचे गवत आणणारा; ते धारदार गवत हात न कापता काढायला चातुर्य लागते, म्हणून चतुर हा लाक्षणिक अर्थ. चौदाव्या शतकात कलिंगातल्या विश्वनाथाने साहित्यदर्पणात हे खोडून काढले. शब्द ज्यावरून घडला ते कारण वेगळे आणि तो ज्यासाठी वापरला जातो ते कारण वेगळे, असे तो म्हणतो: व्युत्पत्तिनिमित्त आणि प्रवृत्तिनिमित्त. व्युत्पत्तीचाच अर्थ मुख्य मानायचा तर ‘गौः शेते’, म्हणजे ‘गाय झोपली आहे’, हे साधे वाक्यसुद्धा लाक्षणिक ठरेल. कारण गो हा शब्द ‘जाणे’ या अर्थाच्या गम् धातूपासून आलेला. जाणारी झोपेल कशी?

या एका वाक्याइतके नेमके उत्तर मी दुसरीकडे कुठे वाचलेले नाही. ‘नवरा’ हा नव-वर, लग्नातला नवा वर. पन्नास वर्षे संसार झाला तरी तो नवराच राहतो. नवरी मात्र लग्नानंतर थोड्याच दिवसांत बायको होते. एकाच जोडीतला एक शब्द सरकला आणि दुसरा जागीच थांबला. विश्वनाथाला विचारले असते तर त्याने दोन्ही मुख्यार्थच म्हटले असते.

काही शब्दांचा नुसता अर्थ बदलत नाही, त्यांची पत बदलते. धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरीचा गुन्हा. मनुस्मृतीत दंडाच्या तीन पायऱ्या याच नावाने येतात: प्रथम साहस २५० पण (हे तेव्हाचे नाणे), मध्यम ५००, उत्तम १०००. आज साहसाबद्दल पदक मिळते, आणि निंदा करायची तर ‘दुःसाहस’ असा नवा शब्द जोडावा लागतो. उलट दिशेचा प्रवास पाहायचा तर अशोकाचा बारावा शिलालेख वाचावा. सर्व पासंडांचा मान राखावा, असे देवानंपिय राजा त्यात सांगतो. पासंड म्हणजे तेव्हा कुठलाही पंथ. पुढे ज्याचा पंथ आपल्याहून वेगळा तो पाखंडी ठरला, आणि मग ढोंगी. त्या शिलालेखातल्या ‘देवानंपिय’ या शब्दालाही हेच भोगावे लागले. देवांना प्रिय ही राजाची पदवी. पण उत्तरकालीन व्याकरणात ‘देवानांप्रिय’ म्हणजे मूर्ख. अरबीतून आलेला साहेब मुळात सोबती होता, तो वर चढला. गरीब हा मुळात परका, परगावचा. तो परक्या गावातल्या माणसाच्या अवस्थेत अडकला. मराठीने त्याला आणखी एक हळवा अर्थ दिला, ‘गरीब गाय’ असे म्हणताना आपल्या मनात पैशाचा विचार नसतो.

आणि काही ठिकाणी आपण मुद्दाम, जाणतेपणी उलटा शब्द वापरतो. बांगडी फुटली न म्हणता वाढली म्हणायचे. नारळ फोडायचा, पण बातमीत ‘श्रीफळ वाढवून शुभारंभ’. घरातून निघताना ‘येतो’. अंगाची आग करणाऱ्या तापाच्या देवीला शीतला म्हणायचे. इथे चालू अर्थाला अमंगळ टाळायचे असते, आणि सगळ्यांना ते ठाऊक असते. या प्रयोगांची भाषांतरे करणाऱ्यांनी जपावे. ‘वाढवणे’ हे क्रियापद नारळ, बांगडी किंवा मंगळसूत्र या शब्दांबरोबर आले की वाढीचा अर्थ धरायचाच नाही.

मग घसरण कधीच दोष नसते का? एका जागी मला ती खुपते, आणि ती जागा म्हणजे ‘अपरोक्ष’. परोक्ष म्हणजे डोळ्यांपलीकडचे. अपरोक्ष म्हणजे तसे नसलेले, समोरचे, साक्षात. वेदान्तात अपरोक्ष ज्ञान म्हणजे प्रत्यक्ष अनुभवाचे ज्ञान. पण ‘माझ्या अपरोक्ष बैठक झाली’ असे कुणी मराठीत म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचे असते, माझ्या पाठीमागे. ‘अप्रत्यक्ष’ या शब्दाचा घाट आणि सुरुवातीचा ‘अ’ यांनी ही ओढ लावली असावी. दप्तराचे दोन अर्थ एकत्र नांदतात, कारण मुलाचे दप्तर आणि पेशवे दप्तर यांत संदर्भच निवाडा करतो. तांब्याचा जुना अर्थ मेला आहे, म्हणून तोही त्रास देत नाही. अपरोक्षचे दोन्ही अर्थ जिवंत आहेत, एकमेकांच्या नेमके उलट आहेत, आणि एकाच प्रकारच्या वाक्यात येतात. ‘करार भागीदाराच्या अपरोक्ष झाला’ एवढ्यावरून भागीदार हजर होता की नाही हे सांगता येणार नाही.

अशा शब्दाला शुद्ध अर्थाकडे ओढत नेण्याचा आग्रह मी धरणार नाही. शुद्ध अर्थाने लिहिले तरी निम्मे वाचक उलटेच समजतील. इतिवृत्तात, नोटिशीत, जबाबात तो शब्दच टाळावा. हजर असताना घडले तर ‘समक्ष’. नसताना घडले तर ‘अनुपस्थितीत’ किंवा ‘गैरहजेरीत’. मुद्दाम लपवून केले असे म्हणायचे असेल तर ‘नकळत’ पुरत नाही, कारण त्यात हेतू येत नाही. तिथे ‘पाठीमागे’ किंवा सरळ ‘न कळवता’ असे लिहावे.